यादीत नसलेल्या मनुका

सकाळची शाळा असली की मी साडेसहाला घर सोडते आणि परत यायला साडेबारा वाजतात. मधल्या सहा तासांत आमच्या मनीषनगरच्या फ्लॅटमध्ये दोघंच असायचे, माझे बाबा आणि कुत्रा. या दोघांना एकमेकांच्या हवाली करून जाताना मला कधी चैन पडलं नाही. पहिले काही महिने वाटायचं, बाबा त्याला हाकलून देतील. पुढे वाटायला लागलं, बाबा त्याला खाऊ घालून मारतील. हे दुसरं मी स्टाफरूममध्ये गमतीने सांगायचे आणि सगळ्या हसायच्या.

कुत्रा मुळात माझ्या मुलीचा. कॉलेजात असताना तिला तो वर्धा रोडवर टायरच्या एका दुकानामागे सापडला. रंग दूध कमी घातलेल्या चहासारखा, एक कान उभा, एक पडलेला. मुलीला पुण्यात नोकरी लागली, ती गेली, कुत्रा राहिला. माझे यजमान चंद्रपूरला असतात, शनिवारी येतात आणि सोमवारी पहाटे जातात. आई गेली त्यानंतर दोन महिन्यांनी मी बाबांना उमरेडहून इकडे आणलं. घरात कुत्रा आहे हे त्यांना ठाऊक होतं, पण तो सोफ्यावर बसतो हे ठाऊक नव्हतं. पहिल्या दिवशी ते स्वतः खाली बसले आणि कुत्रा वर बसलेला राहिला.

त्याला नाव होतं, पण बाबांनी ते एकदाही घेतलं नाही. ते त्याला नुसतं ‘गा’ म्हणत. ये गा. सरक गा. काय पाह्यतं गा. चार-सहा महिन्यांत कुत्रा स्वतःच्या नावाकडे दुर्लक्ष करून ‘गा’ला उठायला लागला.

त्यांची दोस्ती खाण्यातूनच झाली. मला पत्ता लागला तो एका रविवारी. मी पातीच्या कांद्याचा झुणका केला होता आणि बाबा भाकरीच्या तुकड्याला तो लावून टेबलाखाली देत होते. मी ओरडलेच. कांदा कुत्र्याला विषासारखा असतो, कच्चा असो की शिजवलेला, लसूणही तसाच, हे मला आमच्या जनावरांच्या डॉक्टरबाईंनी आधीच सांगून ठेवलं होतं. त्याने रक्तातल्या लाल पेशी फुटतात, आणि त्या दिवशी काही दिसत नाही, चार-पाच दिवसांनी कुत्रा मलूल होतो, हिरड्या पांढऱ्या पडतात. हे सगळं मी बाबांना सांगितलं. त्यांनी भाकरी ताटात ठेवली.

“उमरेडले आपल्या दारातल्या कुत्र्यानं काय खाल्लं नाही?” ते म्हणाले. “लग्नातल्या पत्रावळी चाटे ते. त्याले कोण यादी देत होतं?”

दुपारभर ते वाक्य माझ्या डोक्यात फिरत राहिलं. उमरेडला आमच्या क्वार्टरच्या दारात कायम एक कुत्रा असे हे खरं. पण आता आठवायला बसले तर तो एक कुत्रा नव्हताच. पांढरा होता, मग काळा ठिपक्यांचा होता, मग लंगडणारा तांबडा. दर दोन-तीन वर्षांनी वेगळा. आधीचा कशाने गेला, हे आम्ही कधी विचारलं नाही.

बाबांनी यादीचा विषय काढला, म्हणून मी खरंच यादी केली. शाळेतून आणलेल्या ड्रॉइंग पेपरवर, जाड स्केचपेनने, त्यांना चष्म्याशिवाय वाचता येईल एवढ्या मोठ्या अक्षरांत. चॉकलेट. कांदा, लसूण. द्राक्षं. चहा, कॉफी. शिजवलेली हाडं. शुगरफ्री गोळ्या, च्युइंगम. तळलेलं. लोणचं. फळांच्या बिया. कागद फ्रिजवर लावला. बाबा समोर उभे राहिले आणि एकेक गोष्ट विचारत गेले. हाडं काहून नाही? मी म्हटलं, शिजवलेलं हाड कडक होतं, चावलं की त्याच्या चिपा होतात, त्या आतडं फाडतात. बरं, आणि चहातलं बिस्कूट? तेही नको. मग त्याले चालते तरी काय? मी भात, दही, उकडलेलं अंडं, गाजर, केळं, सालीबियांशिवाय सफरचंद असं सांगत गेले. संत्रं? थोडं चालेल, बी काढून.

त्यानंतर बाबांनी यादी मोडली नाही. मला याचं नवल वाटायला नको होतं. ते कोळशाच्या खाणीत नोकरीला होते आणि शेवटची वीस वर्षं बारूद ठेवायच्या खोलीवर होते. आत काय न्यायचं नाही हे तिथे भिंतीवर लिहिलेलं होतं, आणि तिथल्या माणसाच्या लेखी भिंतीवर लिहिलेलं म्हणजे शेवटचं. साहेब आला तरी बाबा त्याला काडेपेटी बाहेर काढून ठेवायला लावत. आता फ्रिजवरच्या कागदाशी ते तसंच वागायला लागले. मटणाच्या रश्श्याचा रविवार आला की कुत्र्याला बेडरूममध्ये कोंडून, हाडं पिशवीत बांधून, पिशवी स्वतः खाली टाकून येत.

मधल्या सुट्टीत त्यांचा फोन यायचा. पेरू कागदावर नाही, देऊ का? पपई? फुटाणे? एकदा मी नववीच्या पेपरांत बुडालेली होते आणि फोन आला, राजगिऱ्याचा लाडू चालते का म्हणून. मी वैतागून म्हटलं, “बाबा, प्रत्येक वेळी फोन नका करू. यादीत नाही ते चालतं, असं समजा.”

ते बरं म्हणाले आणि फोन करणं थांबलं. मला हायसं वाटलं होतं, हेही सांगून टाकते.

गोष्ट डिसेंबरातली. घरात संत्र्यांची टोपली होती आणि दुपारच्या उन्हात बाल्कनीत दोघांचा कार्यक्रम चालायचा. बाबा संत्रं सोलत, फोडीवरचे पांढरे धागे काढत, फोड चिरून बी काढत आणि मग तळहातावर ठेवून पुढे करत. कुत्रा दात न लावता उचलायचा. एक त्याला, तीन स्वतःला. हे मी शाळेतून आल्यावर पाहायचे. सकाळी काय चालतं ते मला दिसत नव्हतं.

सकाळी बुद्धवंदना म्हणून झाली की बाबा रात्री भिजवलेल्या काळ्या मनुका खात. पोट साफ राहतं म्हणून कुणीतरी सांगितलं होतं. त्यातल्या दोन ते कुत्र्याला देत. रोज. किती महिने, हे त्यांनाही नीट सांगता आलं नाही.

त्या दिवशी मी घरी आले तेव्हा बाबा खुशीत होते. मी पोळ्या लाटायला घेतल्या आणि ते ओट्याशी टेकून सांगायला लागले. मुलगी शनिवारी येणार, तिच्यासाठी करायची खीर आधी एकदा करून बघावी म्हणून त्यांनी आदल्या रात्री मोठी वाटी भरून मनुका भिजवल्या होत्या. सकाळी ती वाटी टीपॉयवर ठेवून आंघोळीला गेले. बाहेर येऊन बघतात तर वाटी धुतल्यासारखी स्वच्छ. “पाणी बी नाही ठेवलं त्यानं,” ते म्हणाले. “अन् पुन्हा माह्यापुढे येऊन बसला, रोजच्या दोन मागाले.”

मी हसले. खरंच हसले. आता कुणी विचारलं तर मी सांगते की मला लगेच धोका कळला, पण ते खोटं आहे. मी हसले, पोळ्या केल्या, आम्ही जेवलो. कुत्रा दाराशी पडला होता. तो जेवणाच्या टेबलाजवळ आला नाही, याचीसुद्धा मी नोंद घेतली नाही.

जेवून मी मुलीला फोन लावला. शनिवारच्या गाडीचं विचारायचं होतं. बोलता बोलता तिला आजोबांच्या वाटीची गंमत सांगितली. ती हसली नाही.

“आई,” ती म्हणाली, “मनुका म्हणजे वाळलेली द्राक्षंच ना?”

मी सातवी ते नववीला विज्ञान शिकवते. द्राक्षातलं पाणी उडून गेलं की मनुका होते आणि मनुका पाण्यात ठेवली की फुगते, हा प्रयोग मी दरवर्षी वर्गात करून दाखवते. चंचुपात्र, पाणी, मनुका. आणि फ्रिजवर मी स्वतःच्या हाताने लिहिलं होतं, द्राक्षं. त्याच्यापुढे मनुका, किसमिस, काही लिहिलं नव्हतं.

मुलगी फोनवर बोलतच होती, की वाळलेली तर जास्त वाईट, थोड्यातच जास्त जातं, तू आत्ता निघ. मी फोन तसाच चालू ठेवून चपला शोधायला लागले. बाबांना काही समजेना. मी कुत्र्याला पट्टा लावला तेव्हा तो उठला खरा, पण दारातच त्याने उलटी केली. पिवळट पाणी आणि त्यात तीन-चार फुगलेल्या मनुका. बाबा फडकं घेऊन खाली वाकले आणि मी ओरडले, पुसू नका, मला डॉक्टरांना दाखवायच्यात. ते तसेच वाकलेले राहिले.

दवाखाना बेसा रोडला आहे, रिक्षाने दहा मिनिटं. त्या दिवशी पुलाजवळ एक ट्रक आडवा झाला होता आणि आम्ही वीस मिनिटं एका जागी होतो. मी रिक्षातून उतरले, पुन्हा बसले, पुन्हा उतरून पुढे पाहून आले. बाबा कुत्र्याला मांडीवर घेऊन बसले होते. मी त्यांच्याशी एक शब्द बोलत नव्हते, कारण तोंड उघडलं असतं तर काय बाहेर आलं असतं ते मला माहीत होतं.

डॉक्टरबाईंनी आधी वेळ विचारली. सकाळी साडेसातच्या सुमाराला खाल्लं, आता दोन वाजून गेले होते. त्या म्हणाल्या, उशीर झाला, पण मनुका पोटात बराच वेळ राहतात, प्रयत्न करू. सुई दिली, थोड्याच वेळात कुत्र्याने ओकायला सुरुवात केली. घमेल्यात ज्या मनुका पडल्या त्या इतक्या फुगल्या होत्या की जवळजवळ पुन्हा द्राक्षं झाल्या होत्या. अर्ध्या असतील, बाईंनी अंदाज केला. बाकीच्या पुढे सरकल्या. मग पोटातलं विष शोषून घेणारा काळा कोळसा पाण्यात कालवून पाजला आणि पायाला सलाईन लावलं.

मी विचारत राहिले, वाचेल ना? बाईंनी सरळ सांगितलं की याचं गणित कुणालाच मांडता येत नाही. एखादा कुत्रा ताटभर द्राक्षं खातो आणि त्याला काही होत नाही, दुसऱ्याची थोड्याशातच किडनी बंद पडते. आपला कुत्रा या दोन्हींपैकी कोणता, ते आधी ओळखता येत नाही. रोज दोन खाऊन काही झालं नाही, याचा अर्थ वाटीभर खाऊन होणार नाही असा नाही. तीन दिवस रोज सलाईन, रोज रक्त. लघवी किती करतो त्यावर लक्ष ठेवा. क्रिएटिनिन वाढलं नाही तर सुटलो.

बाबा आतापर्यंत भिंतीशी उभे होते. क्रिएटिनिन हा शब्द आला तसे ते पुढे आले.

“आज किती हाये?” त्यांनी विचारलं.

बाईंना बहुतेक वाटलं असावं की हे गृहस्थ याच धंद्यातले आहेत. रिपोर्ट संध्याकाळी येईल, त्या म्हणाल्या, कुत्र्याचं दीडपर्यंत चालतं, काका. बाबांनी मान हलवली. माणसाचं किती चालतं हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती. आई किडनीनेच गेली. दोन वर्षं इथल्या धंतोलीतल्या एका दवाखान्यात आठवड्यातून दोनदा डायलिसिस. आधी उमरेडहून एसटीने, मग तिला बसवेना तेव्हा गाडी करून. तिचे आकडे सातात, आठात असायचे.

पहिल्या दिवशीचा रिपोर्ट आला, एक पॉइंट एक. मी मुलीला कळवलं, यजमानांना कळवलं. त्यांनी सुटकेचा श्वास टाकला. मला टाकता येईना. पहिल्या दिवशी काही दिसत नाही, हे बाईंनीच सांगितलं होतं. मी शाळेतून तीन दिवसांची रजा घेतली, कारण लिहिलं ‘घरगुती अडचण’, आणि नंतर ते कारण खोडून पुन्हा तेच लिहिलं. घरात मला एका जागी बसवत नव्हतं. कुत्र्याचा ओठ वर करून हिरडी बघायची, बोटाने दाबायची, पांढरी झालेली जागा पुन्हा गुलाबी व्हायला किती वेळ लागतो ते मनात मोजायचं. पाण्याची वाटी भरून ठेवायची आणि काही वेळाने किती उतरली ते पाहायचं. खाली नेलं की त्याच्या मागे मागे फिरायचं, त्याने पाय वर केला की वाकून बघायचं. कॉलनीतल्या एका बाईंनी विचारलं, काही हरवलंय का?

बाबा काहीच करत नव्हते. दवाखान्यात मात्र ते रोज माझ्यासोबत आले. सकाळी नऊला आम्ही कुत्र्याला टेबलावर ठेवायचो, पायाला सुई, आणि मग बाहेरच्या बाकावर. बाबा कानटोपी घालून, हात शालीत घेऊन बसत. मी उठून चालायचे, पुन्हा बसायचे. त्यांना मी अजून काहीच बोलले नव्हते. ते म्हणतील, दोन मनुकांनी काय होतं, आणि मग माझा तोल जाईल, अशी भीती मला वाटत होती. पण ते तसं म्हणाले नाहीत.

दुसऱ्या दिवशी दुपारी रिपोर्ट आला. एक पॉइंट सहा.

बाई म्हणाल्या, थोडं वाढलंय, घाबरू नका, सलाईन वाढवते. मी आत जाऊन कुत्र्याजवळ उभी राहिले. त्याने शेपटी एकदा हलवली आणि थांबवली. मी बाहेर आले तेव्हा बाबांनी माझ्याकडे पाहिलं, मी आकडा सांगितला. रस्त्याच्या पलीकडे एक संत्रीवाला हातगाडी लावून उभा होता. बाबा तिकडे बघत होते.

“तुही माय संत्रा मागे,” ते म्हणाले.

मला वाटलं ते असंच काही आठवून बोलताहेत. मी हो म्हटलं.

“शेवटच्या हिवाळ्यात. शेजारच्यानं थैलीभर पाठवले होते. मी ते दुसऱ्याले देऊन टाकले, तिले दिसू नये म्हणून. पण हाताले वास होता ना. तिनं हात धरला माहा. एक फोड दे म्हणे. एका फोडीनं काय होते म्हणे.”

किडनीच्या पेशंटला संत्रं चालत नाही, हे मला माहीत होतं. आहारतज्ज्ञाने दिलेला तो कागद उमरेडच्या स्वयंपाकघरात मीच चिकटवला होता. संत्रं, केळं, नारळपाणी, टमाटर, सगळ्यावर लाल फुली. आईने फोड मागितली होती हे मात्र मला कुणी सांगितलं नव्हतं.

“मी नाही दिली,” बाबा म्हणाले. “कागदावर होतं म्हणून तिले नाही दिलं. अन् याले दिलं ते कागदावर नव्हतं म्हणून. आता मी काय करावं, सांग मले.”

त्यांचा आवाज चढला नव्हता. ते खरंच विचारत होते. दोन दिवस मनात साठवलेलं सगळं त्या बाकावर माझ्या अंगावर परत आलं. मी म्हटलं, बाबा, कागद मी लिहिला होता. मनुका मी विसरले. आणि नसेल ते चालतं, हेही मीच म्हटलं होतं. चूक माझी आहे. त्यांनी ते ऐकलं की नाही कोण जाणे. थोड्या वेळाने उठले, म्हणाले, चहा आणतो, आणि दोन कप घेऊन आले. तो चहा मी उभ्यानेच प्यायले.

त्या संध्याकाळी कुत्र्याने थोडा भात खाल्ला. तिसऱ्या दिवशीचा आकडा एक पॉइंट दोन आला. बाई हसल्या, सुटला म्हणाल्या, पण पंधरा दिवसांनी पुन्हा एकदा रक्त बघू. शनिवारी मुलगी आली आणि दारातच खाली बसून तिने त्याला मिठी मारली, मग आजोबांना. आजोबांना ती एक शब्दही वावगा बोलली नाही. खीर केली, मनुकांशिवाय. सगळं व्यवस्थित झालं, असंच कुणीही म्हणेल.

पण बाबांनी त्याला खायला देणं बंद केलं. काहीच नाही, भाताचं एक शीतसुद्धा नाही. कुत्रा सवयीने वंदनेनंतर त्यांच्यासमोर येऊन बसायचा आणि बाबा दोन्ही हात शालीत घालून भिंतीकडे बघायचे. दुपारी ते बाल्कनीत जात, दार लावून घेत आणि आत बसून संत्रं खात. कुत्रा काचेला नाक लावून उभा राही. काचेवर त्याच्या नाकाचा ओला ठसा उमटायचा, मी पुसायचे, पुन्हा उमटायचा. मी बाबांना म्हटलं, फोड द्या त्याला, ती चालते. त्यांनी ऐकू न आल्यासारखं केलं. दुसऱ्यांदा म्हटलं तेव्हा म्हणाले, “मले नको सांगू वं. तूच दे.”

मी दिली. कुत्र्याने ती तोंडात घेतली आणि बाबांकडे बघत जमिनीवर ठेवली.

माझंही काही ठीक नव्हतं. शाळेत तास चालू असताना मध्येच डोक्यात यायचं, घरात अजून काय आहे जे मी लिहिलं नाही? जायफळ? कच्ची फुगलेली कणीक? सीताफळाच्या बिया? फ्रिजवरचा कागद मी भरत गेले, समास संपला, मागची बाजू सुरू केली. घरी आले की आधी टीपॉय, मग ओटा, मग कचऱ्याचा डबा तपासायचा. यजमान म्हणाले, असं किती दिवस चालणार? मी म्हटलं, मला काय माहीत. एका रात्री बाबांनी जेवताना सहज सांगितलं की ते उमरेडला परत जायचं म्हणताहेत. क्वार्टर तर कधीच सुटलं होतं, पण चुलतभावाकडे एक खोली आहे. मी विषय बदलला. दुसऱ्या दिवशी त्यांनी पुन्हा काढला.

त्यानंतरच्या आठवड्यात एक दिवस मी घरी आले तर कुलूप. किल्लीने उघडलं. बाबा नाहीत, कुत्रा नाही, पट्टा नाही. बाबांचा फोन चार्जिंगला लावलेला. मी त्यांची बॅग पाहायला आतल्या खोलीत गेले, बॅग होती. खाली चौकीदाराने सांगितलं, बाबूजी कुत्र्याला घेऊन ऑटोत बसले, बराच वेळ झाला. कुठे ते त्याला माहीत नव्हतं. कुत्र्याला पुन्हा काही झालं, हेच माझ्या मनात आलं. बाबांनी बघितलं, मला कळवलं नाही, एकटेच घेऊन गेले. मी दवाखान्याच्या दिशेने चालत सुटले. रिक्षा मिळत होत्या, मी हात केला नाही, का ते सांगता येणार नाही.

अर्ध्या वाटेवर ते दोघं समोरून चालत येताना दिसले. कुत्रा पुढे, बाबा मागे, बाबांच्या दुसऱ्या हातात पिशवी. कुत्रा मला बघून ओढायला लागला. मी विचारलं, काय झालं? काही नाही, बाबा म्हणाले. डॉक्टरबाईकडे गेलो होतो. पंधरा दिवस झाले ना, रक्त द्यायचं होतं. आणि थोडं विचारायचं होतं. म्हटलं आपणच विचारावं.

पुढचं मला बाईंनी फोनवर सांगितलं. बाबा तासभर बसले होते. त्यांनी ‘काय चालत नाही’ हा प्रश्न विचारलाच नाही. ते म्हणाले, मले हे सांगा का त्याच्यासाठी रोज काय रांधावं. किती शिजवावं, किती द्यावं, कोणत्या वेळेले. बाईंनी सांगितलं की आपल्या ताटातलं काहीच नको, त्याचं वेगळं करा. तांदूळ, कोहळं, बिनहाडाचं चिकन, नुसत्या पाण्यात. तेल नाही, तिखट नाही, मीठ नाही. बाबांनी ते लिहून घेतलं नाही, दोनदा तोंडाने म्हणून दाखवलं.

घरी आल्याबरोबर त्यांनी पिशवीतून कोहळ्याची फाक काढली. मी करते म्हटलं, तर म्हणाले, तू बस. मी बसले नाही. स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून पाहत होते. त्यांनी कोहळ्याची साल काढली, बी काढली, आणि कुठे एखादी राहिली का म्हणून फोडी पुन्हा चाचपल्या. चिकन वेगळ्या पातेल्यात शिजवून बोटांनी कुस्करलं, बारीकसं हाड निघतं का ते बघत. भात, कोहळं, चिकन एकत्र केलं आणि मंद गॅसवर ठेवलं. बराच वेळ लागला. कुत्रा ओट्याखाली बसला होता, पंधरा दिवसांत पहिल्यांदा त्यांच्या पायाला टेकून.

ते वाटी आणायला वळले तेव्हा मी चमच्याने पातेल्यातलं थोडं घेतलं आणि जिभेवर ठेवलं. मीठ पडलंय का, एवढंच पाहायचं होतं. वळून बघते तर ते माझ्याकडेच बघत होते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“चाख, चाख,” ते म्हणाले. “म्या बी दोनदा चाखलं. अळणी हाये.”

खरंच अळणी होतं. पण जिभेवर किंचित कडवट आलं. मी सांगावं की नको असं करत होते, तेवढ्यात त्यांनीच डाव तळापर्यंत घातला आणि वर काढून बघितला. टोकाला काळं लागलं होतं.

“खाली लागलं वाटते,” ते म्हणाले. “लागलेलं चालते का त्याले?”

मला माहीत नव्हतं. मी तसं सांगितलं. त्यांनी गॅस बंद केला, वरचा वरचा भात वेगळा काढून थंड करायला ठेवला, “थांब गा थोडं,” असं खाली बघून म्हणाले आणि चष्मा लावून फोनवर डॉक्टरबाईंचा नंबर शोधायला लागले.